अपडेटनंतर मेलमधलं प्लगइन चालेनासं झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर, फोर्ट, गिरगाव, अंधेरी एमआयडीसी इथल्या छोट्या ऑफिसांमधून आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. विचारणारे बहुतेक सीए, वकील, क्लिअरिंग एजंट, प्रेसवाले. पाच ते वीस मशीन, आणि आयटीचा वेगळा माणूस नाही, अशी ही ऑफिसं. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामवर जास्त लिहिलं आहे, कारण अशा ऑफिसांत तेच जास्त दिसतं आणि प्लगइनची रडगाणीही तिथूनच जास्त येतात. आउटलुक आणि ॲपल मेलचे प्रश्न पुढे आहेत. मेलच्या प्रोग्रामला जादा सोयी जोडणाऱ्या ॲड-ऑन, ॲड-इन, एक्स्टेन्शन या सगळ्यांना इथे सरसकट प्लगइनच म्हटलं आहे.

काल संध्याकाळपर्यंत चालत होतं. आज सकाळी बटणच गायब. काय झालं?

रात्री अपडेट उतरलं आणि सकाळी प्रोग्राम उघडताना बसलं. त्यानंतर तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक, प्लगइन नव्या आवृत्तीसाठी नाही हे ओळखून प्रोग्रामने ते स्वतःच बंद केलं. दोन, प्लगइन सुरू आहे, पण आत कुठेतरी अडखळून गप्प बसलं आहे. तीन, प्लगइनचा काही संबंधच नाही, मेल सर्व्हर लॉगिन नाकारतो आहे आणि त्यामुळे सगळंच बंद वाटतं.

थंडरबर्डमध्ये उजवीकडच्या तीन रेघांच्या मेनूतून 'ॲड-ऑन्स अँड थीम्स' उघडा. प्लगइन राखाडी झालं असेल आणि या आवृत्तीशी जुळत नाही असं खाली लिहिलं असेल, तर पहिला प्रकार. तिथे सगळं आलबेल दिसतं आणि बटण दाबल्यावर ढिम्म, तर दुसरा. मेलच येत-जात नसतील तर आधी तिसरा तपासा. त्याचा प्रश्न खाली वेगळा घेतला आहे.

अपडेटमध्ये असं बदलतं तरी काय? आमचं काम तर तेच आहे.

प्लगइन दोन जातींची असतात, आणि हा फरक कळला की या पानावरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

पहिली जात प्रोग्रामने अधिकृतपणे दिलेल्या सोयींवरच काम करते: मेल वाच, बटण दाखव, पत्त्यांची यादी दे. थंडरबर्डमध्ये या सोयींना मेलएक्स्टेन्शन म्हणतात. आतला कोड कितीही बदलला तरी या सोयी शक्यतो तशाच ठेवायच्या, असा शिरस्ता आहे. दुसरी जात थेट प्रोग्रामच्या आत हात घालते. भिंतीतल्या सॉकेटला पिन लावणं वेगळं आणि भिंत फोडून आतल्या वायरीला वायर जोडणं वेगळं. घराचं वायरिंग नव्याने केलं की दुसऱ्याचा दिवा जातो.

जुन्या थंडरबर्डमध्ये जवळजवळ सगळीच प्लगइन्स या दुसऱ्या जातीची होती. खिडकीच्या कुठल्याही कोपऱ्यात काहीही चिकटवायची त्यांना मुभा होती. थंडरबर्ड फायरफॉक्सच्या पायावर उभा आहे आणि फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये, ५७व्या आवृत्तीत, ही जुनी पद्धत बंद केली. थंडरबर्डने थोडी सवलत दिली. २०१९ च्या ६८व्या आवृत्तीत प्लगइन्सना बदलावं लागलं आणि २०२० च्या ७८व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीला कायमचा रामराम ठोकला गेला. त्या दोन वर्षांत खूप प्लगइन्स मागे पडली. ज्यांच्या लेखकांकडे वेळ नव्हता ती तिथेच संपली.

जी टिकली त्यांतल्या काहींनी मधला रस्ता धरला, त्याला एक्स्पेरिमेंट म्हणतात. बाहेरून नवं प्लगइन, पण सोबत एक तुकडा असा, जो अजूनही थेट आतल्या कोडशी बोलतो. दर वर्षी मोडतात ती बहुतेक हीच. २०२३ च्या ११५व्या आवृत्तीत मुख्य खिडकी, म्हणजे फोल्डरची यादी, मेलची यादी, वरची पट्टी, नव्याने बांधली गेली. तेव्हा या खिडकीत बटणं टाकणाऱ्या एक्स्पेरिमेंट्सच्या लेखकांना अक्षरशः नव्याने मांडणी करावी लागली.

माझं प्लगइन कुठल्या जातीचं, हे कोड न वाचता कसं कळेल?

ते बसवताना थंडरबर्ड परवानगी विचारतो ती खिडकी नीट वाचा. थंडरबर्डवर आणि तुमच्या कॉम्प्युटरवर पूर्ण, कुठलंही बंधन नसलेला ताबा हवा, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तिथे असेल तर ते एक्स्पेरिमेंट. 'मेल वाचणे', 'पत्ते पाहणे' अशा सुट्या-सुट्या परवानग्या असतील तर ते पहिल्या जातीचं.

त्या वाक्याने दचकून जायचं कारण नाही. सर्वांत उपयोगी प्लगइन्सपैकी काही याच प्रकारची आहेत. मेलचे फोल्डर बाहेर काढून ठेवायला लोक वापरतात ते 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट-टूल्स एनजी' हे त्यातलंच. पण आपल्या ऑफिसात अशी कोणती आहेत याची चिठ्ठी कुठेतरी असावी. अपडेटच्या आधी फक्त त्यांचीच चौकशी करावी लागते, बाकीची सहसा निमूट चालतात.

प्लगइनची फाइल उघडून आतला आवृत्तीचा आकडा वाढवला की चालतं म्हणे?

कधी कधी चालतं, हे खरं आहे. थंडरबर्डच्या प्लगइनची फाइल म्हणजे वेगळ्या नावाची झिप फाइल. आत मॅनिफेस्ट नावाची एक छोटी मजकुराची फाइल असते, तिच्यात किमान आणि कमाल आवृत्ती लिहिलेली असते. कमाल आकडा १४० असेल तर १४१ वर ते बसत नाही. फायरफॉक्स नेहमीच्या आवृत्तीत अधिकृत डिजिटल सही नसलेलं प्लगइन घेत नाही, थंडरबर्ड तशी सक्ती करत नाही, म्हणून बदललेली फाइलही 'फाइलमधून बसवा' या पर्यायाने बसते. हाच जुगाड फिरत असतो.

पण तो कमाल आकडा लेखकाने उगाच टाकलेला नसतो. थंडरबर्डच्या अधिकृत प्लगइन साठ्यावर एक्स्पेरिमेंट ठेवायचं तर कमाल आवृत्ती लिहावीच लागते, कारण पुढच्या आवृत्तीत आतलं काय बदलेल ते लेखकालाही ठाऊक नसतं. आकडा बदलल्यावर प्लगइन उघड मोडलं तर उलट बरं. त्रास होतो तो अर्धवट चाललं तर. उदाहरणार्थ, मेल नेऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवणारं प्लगइन: 'कॉपी कर' हे काम झालं, पुढचं अडलं, आणि क्लायंटचा मेल दोन फोल्डरमध्ये. किंवा उलट, कॉपी झालीच नाही आणि मूळ मेल पुसला गेला.

आमचं म्हणणं: घरच्या लॅपटॉपवर, वेगळ्या प्रोफाइलमध्ये (थंडरबर्ड तुमची खाती, मेल, सेटिंग्ज ज्या फोल्डरमध्ये ठेवतो ते प्रोफाइल), हौस म्हणून खुशाल करून बघा. ज्या मशीनवर क्लायंटची कागदपत्रं येतात तिथे नको.

थंडरबर्डचं मोठं अपडेट नेमकं रिटर्न भरायच्या सीझनमध्येच कसं येतं?

हा प्रश्न सीए ऑफिसांचा, आणि तक्रार रास्त आहे. वर्षातून एकदा येणारी, दीर्घकाळ सांभाळली जाणारी जी आवृत्ती असते, म्हणजे ईएसआर, तिच्या तारखाच बघा: ७८ जुलै २०२० मध्ये, ९१ ऑगस्ट २०२१ मध्ये, १०२ जून २०२२ मध्ये, ११५ जुलै २०२३ मध्ये, १२८ जुलै २०२४ मध्ये, १४० जुलै २०२५ मध्ये. आणि प्राप्तिकराच्या रिटर्नची नेहमीची मुदत ३१ जुलै. इकडे फॉर्म सोळा गोळा करायची धावपळ, आणि तिकडे टेम्प्लेटचं प्लगइन राखाडी.

यावर उपाय साधा आहे. ईएसआर आली म्हणून त्याच आठवड्यात उडी मारायची गरज नसते. नवी आल्यावर जुनीला काही काळ सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतात. १४० जुलैमध्ये आल्यावरही १२८ ला ऑगस्ट २०२५ मध्ये दुरुस्ती मिळाली. म्हणजे जुलैचा शेवट शांतपणे काढता येतो, तोवर प्लगइनचे लेखकही आपापली आवृत्ती आणतात, आणि गणपतीच्या सुमारास अपडेट करता येतं.

२०२५ पासून एक नवी भानगड आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये, १३६व्या आवृत्तीपासून, थंडरबर्डच्या डाउनलोड पानावर आपसूक मिळणारी आवृत्ती ईएसआर राहिली नाही, दर महिन्याला बदलणारी झाली. नवं मशीन आलं, कोणीतरी पानावरचं मोठं बटण दाबून थंडरबर्ड बसवला, आणि शेजारच्या मशीनवर चालणारं प्लगइन इथे बसेचना, असे फोन त्यामुळे वाढले. शेजारी ईएसआर, इथे मासिक. एक्स्पेरिमेंटच्या लेखकाने कमाल आकडा ईएसआरपुरताच ठेवलेला असेल तर मासिक आवृत्ती त्याला दारातच अडवते. ऑफिसच्या मशीनवर डाउनलोड करताना ईएसआर हा पर्याय आठवणीने निवडा.

मग आता मासिकवरून ईएसआरवर उलटं जाऊ का?

सरळ नाही जाता येत. नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीने उघडू गेलं की थंडरबर्ड थांबवतो आणि नवं प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा, एवढेच दोन पर्याय देतो. पुढची ईएसआर येऊन तुमच्या मासिक आवृत्तीच्या आकड्याला गाठेल तेव्हा बदला. घाई असेल आणि सगळी खाती आयमॅपवर असतील तर नवं प्रोफाइल करून खाती पुन्हा जोडणं हा स्वच्छ मार्ग आहे. मेल सर्व्हरवर असतात, ते पुन्हा उतरतील.

त्यापेक्षा अपडेट कायमचं बंद करून टाकलं तर?

नको. मेलचा प्रोग्राम दिवसभर अनोळखी लोकांनी पाठवलेल्या गोष्टी उघडत असतो. त्यातली सुरक्षा दुरुस्ती टाळणं हा प्लगइन मोडण्यापेक्षा मोठा धोका आहे. दोन-चार आठवडे लांबवणं आणि दोन-चार वर्षं टाळणं यांत फरक करा. लोअर परळच्या एका प्रेसमध्ये आम्ही अजूनही ५२वी आवृत्ती पाहिली आहे, एका मेल-मर्जच्या प्लगइनसाठी जपून ठेवलेली. ते प्लगइन काय करत होतं ते विचारलं तर, दर महिन्याला तीसेक ग्राहकांना बिल पाठवत होतं.

सेटिंग्जच्या 'जनरल' विभागात खाली अपडेटचा भाग आहे. तिथे 'अपडेट शोध, पण बसवायचं की नाही ते मला विचार' अशा अर्थाचा पर्याय निवडा. पाचपेक्षा जास्त मशीन असतील तर धोरणाची फाइल ठेवून सगळ्यांवर एकच नियम लावता येतो. तारखा मात्र स्वतः ठरवा. जीएसटीवाल्यांनी महिन्याची ११ आणि २० तारीख, आणि त्यांच्या आधीचे दोन दिवस, अपडेटसाठी वर्ज्य मानावेत.

अपडेटच्या आधी नेमकं काय करून ठेवायचं?

सगळ्यात आधी प्लगइन्सची यादी: नाव, आवृत्ती, शेवटचं कधी सुधारलं. 'ॲड-ऑन्स अँड थीम्स' मध्ये प्रत्येकावर टिचकी मारली की हे दिसतं. दोन वर्षांत ज्याला हातच लागलेला नाही, आणि जे एक्स्पेरिमेंट आहे, त्याच्यापुढे खूण करा. अपडेटनंतर ते उठण्याची शक्यता कमीच. बाकीच्यांची अधिकृत साठ्यावरची पानं उघडून कुठल्या आवृत्त्यांवर चालतात ते बघा.

मग प्रोफाइलची प्रत. थंडरबर्ड पूर्ण बंद करा. खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नाही, टास्क मॅनेजरमध्ये खात्री करा. 'हेल्प' मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' पानावर प्रोफाइल फोल्डरची जागा लिहिलेली असते. ती जागा थंडरबर्ड बंद करण्याआधीच बघून ठेवा. तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. पॉपवर चालणारी जुनी खाती असतील तर ही प्रत ऐच्छिक नाही. त्या खात्यांचे मेल दुसरीकडे कुठेच नसतात, आणि दहा-बारा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एकाच फोल्डरमध्ये असतो.

ज्या प्लगइनमध्ये तुमचा मजकूर साठवलेला आहे, म्हणजे ठरावीक उत्तरं, सह्या, फिल्टरचे नियम, त्याला बहुतेक वेळा तो बाहेर काढून फाइलमध्ये ठेवायची सोय असते. ती वापरा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बंद पडलेलं प्लगइन 'रिमूव्ह' करू नका, 'डिसेबल' करून ठेवा. 'रिमूव्ह' केलं की प्लगइनने साठवलेलं बरंचसं सोबत जातं. महिन्याभराने सुधारलेली आवृत्ती येते, पण नोटिसांच्या उत्तरांचे तुमचे तयार मसुदे परत येत नाहीत.

शेवटी, एकाच मशीनवर आधी करा. साहेबांच्या नाही, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेल्याही नाही. जो माणूस ती प्लगइन्स रोज वापरतो त्याच्या मशीनवर करा आणि त्याला दोन दिवस नेहमीचं काम करू द्या. बिघाड त्याच्याच लक्षात येतो.

अपडेट झालं, प्लगइन मोडलं, प्रतही आहे. मागे जाऊ का?

प्रत अपडेटच्या आधीची असेल तर जाता येतं: जुनी आवृत्ती बसवा आणि नव्या आवृत्तीने उघडलेलं नाही असं, प्रतीतलं प्रोफाइल तिला द्या. पॉप खात्यावर मधल्या दिवसांत आलेले मेल मात्र नव्या प्रोफाइलमध्ये राहतील, ते आधी वेगळे काढा. नव्या प्रोफाइलवरच जुनी आवृत्ती जबरदस्तीने चालवायची एक कमांडही आहे. ती आम्ही मुद्दाम इथे लिहीत नाही.

पाच-सहा प्लगइन आहेत. गोंधळ कोण घालतंय ते कसं शोधू?

थंडरबर्ड उघडताना शिफ्ट कळ दाबून धरा, ट्रबलशूट मोड विचारला जाईल. या मोडमध्ये सगळी प्लगइन्स तात्पुरती बंद असतात. तिथेही त्रास तसाच असेल तर प्लगइन्स निर्दोष आहेत, दुसरीकडे शोधा. त्रास थांबला तर नेहमीसारखं उघडून निम्मी प्लगइन्स बंद करा, बघा, मग उरलेल्यांतली निम्मी. एकेक बंद करत बसण्यापेक्षा यात वेळ वाचतो.

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात 'नवा मेल' दाबलं की कोरी खिडकी उघडत होती. 'प्रति' चा रकाना नाही, विषय नाही, काहीच नाही. सगळ्यांचा संशय अँटीव्हायरसवर. ट्रबलशूट मोडमध्ये खिडकी नीट उघडली, म्हणजे अँटीव्हायरस सुटला. सहापैकी तीन बंद केल्यावरही खिडकी कोरीच, म्हणून उरलेल्या तिघांत शोध. शेवटी सापडलं ते मेलच्या तळाशी कंपनीचा लोगो आणि पत्ता टाकणारं प्लगइन. कंट्रोल, शिफ्ट आणि जे एकत्र दाबल्यावर एरर कन्सोल उघडतो. त्यात मेल लिहायची खिडकी उघडताच एक लाल ओळ येत होती आणि त्या ओळीच्या टोकाला त्या प्लगइनचं नाव होतं. खिडकीतला जो भाग ते शोधत होतं तो नव्या आवृत्तीत त्या नावाने उरलाच नव्हता. पहिल्या पायरीवरच अडल्यामुळे पुढची सगळी खिडकी अडली. लोगो आणि पत्ता तर थंडरबर्डच्या स्वतःच्या सहीतही टाकता येतो, त्यामुळे ते प्लगइन काढलं ते काढलंच.

नवीन आउटलुकचं बटण चुकून दाबलं गेलं आणि सगळी प्लगइन्स गेली!

गेली नाहीत. ती जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्येच आहेत. उजवीकडे वर 'न्यू आउटलुक' ची कळ दिसते ती बंद केली की परत तिथे जाल.

पण मूळ मुद्दा समजून घ्या, कारण तो आज ना उद्या येणारच आहे. क्लासिक आउटलुकची पारंपरिक प्लगइन्स कॉम प्रकारची असतात: विंडोजवर बसवलेली, आउटलुकच्या पोटात चालणारी. १ ऑगस्ट २०२४ पासून सर्वांसाठी खुलं झालेलं नवीन आउटलुक ती घेतच नाही, मॅक्रोही (ठरावीक कामं आपोआप करायला आउटलुकमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम) घेत नाही. तिथे फक्त वेब प्रकारची ॲड-इन्स चालतात, जी ब्राउझरमधल्या पानासारखी बाजूच्या चौकटीत उघडतात. इथे आवृत्ती जुळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण कॉम प्लगइनची 'सुधारलेली' आवृत्ती येणार नाही. विक्रेत्याने वेब प्रकारचं वेगळं बनवलंय का, एवढंच विचारायचं. वेब प्रकारचं क्लासिकमध्येही चालतं, त्यामुळे ते आधीच बसवून सवय करून घेता येते.

घाबरून आज सगळं बदलायचीही गरज नाही. क्लासिक आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार देऊ, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. तेवढ्या काळात मॅक्रोवर उभी असलेली कामं कुठे हलवायची ते ठरवा. आमच्या अनुभवात प्लगइनपेक्षा मॅक्रोच जास्त चिवट निघतात, कारण ते लिहिणारा माणूस ऑफिस सोडून गेलेला असतो.

क्लासिक आउटलुकमध्ये प्लगइन चालू करतो, दोन दिवसांनी पुन्हा आपोआप बंद. अपडेटमुळे?

अपडेट निमित्त असू शकतं, पण खरं कारण बहुतेक वेळा संथपणा हेच असतं. आउटलुक उघडताना प्रत्येक प्लगइनला किती वेळ लागला ते आउटलुक मोजतो. लागोपाठ ५ वेळा उघडताना मधला आकडा १००० मिलिसेकंदांच्या वर गेला की तो त्याला गुपचूप बंद करतो. 'फाइल' मध्ये संथ आणि बंद केलेल्या प्लगइन्सची यादी आहे, तिथे 'हे नेहमी चालू ठेव' असा पर्याय मिळतो. प्लगइनमुळे आउटलुक कोसळला असेल तर मात्र ते वेगळ्या, 'डिसेबल्ड आयटम्स' च्या यादीत जातं. ऑप्शन्समधल्या ॲड-इन्सच्या पानावर तळाशी ती निवडावी लागते.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरचं मशीन असेल तर सेटिंगशी झगडू नका. लॅमिंग्टन रोडवरून एक एसएसडी आणून बसवा, प्लगइनची तक्रार बहुधा तिथेच संपेल.

ऑफिस नव्याने बसवल्यावर प्लगइन यादीतच दिसत नाही.

३२ बिट की ६४ बिट ते बघा. ऑफिस २०१९ पासून आपसूक ६४ बिट बसतं, आणि ३२ बिटसाठी बनवलेलं कॉम प्लगइन त्यात लोड होत नाही. विक्रेत्याकडून ६४ बिटचं मागा.

हाच घोळ डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचाही होतो. टोकनसोबत आलेलं ३२ बिटचं मोड्यूल ६४ बिट थंडरबर्डच्या 'सिक्युरिटी डिव्हायसेस' मध्ये जोडलं तर जोडलं जात नाही, आणि दोष थंडरबर्डला दिला जातो.

मॅकवर ॲपल मेलची प्लगइन्स?

जुनी प्लगइन्स संपली. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या सोनोमा या मॅकओएसच्या आवृत्तीपासून ॲपल मेल ती उघडतच नाही. त्याआधीही रडकथा होतीच. प्रत्येक प्लगइनच्या आत, ते मेलच्या कुठल्या आवृत्त्यांवर चालतं याची लांबलचक ओळख-क्रमांकांची यादी असायची. सिस्टीमचं अपडेट आलं, नवा क्रमांक यादीत नसला, की प्लगइन बाहेर. लोक ते क्रमांक हाताने यादीत घालायचे. आता मेलकिटवर, म्हणजे ॲपलने अधिकृतपणे दिलेल्या सोयींवर, बनवलेली एक्स्टेन्शन्स तेवढी चालतात, जी २०२१ च्या मॉन्टेरेपासून आली. ती कमी गोष्टी करू शकतात, म्हणून जुन्या काही प्लगइन्सना तिथे जोड मिळालेला नाही. मॅक अपडेट करण्याआधी हे बघा, कारण मॅकवर मागे येणं थंडरबर्डहून कितीतरी किचकट आहे.

अपडेटनंतर पासवर्डच घेत नाही. कुठलं प्लगइन बंद करू?

कुठलंच नाही. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी, बाहेरच्या प्रोग्राममध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड टाकून शिरणं ३० मे २०२२ पासून बंद केलं. मायक्रोसॉफ्टने ऑफिसच्या क्लाउड खात्यांसाठी तेच ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलं. खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ओळख पटवण्याची पद्धत ओऑथ२ करा. ब्राउझरसारखी खिडकी उघडेल, तिथे लॉगिन करा. मेल पाठवायच्या सर्व्हरलाही हीच पद्धत वेगळी लावावी लागते, लोक तिथेच विसरतात.

आउटलुकच्या वेब ॲड-इन्सच्या बाबतीत मात्र अशाच बदलाने खरोखर प्लगइन्स मोडली. एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरची जुनी टोकन्स, म्हणजे ॲड-इनला ओळख पटवायला मिळणारे डिजिटल पास, मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यांवर अवलंबून असलेली ॲड-इन्स, तुमच्या मशीनवर काहीही न बदलता, एके दिवशी 'साइन-इन झालं नाही' म्हणू लागली. यात तुम्ही करण्यासारखं काही नाही, विक्रेत्याचं नवं ॲड-इन घ्यायचं.

मराठी शब्दलेखन तपासायचा शब्दकोशही मोडेल का?

नाही. ती शब्दांची यादी असते, आतल्या कोडला ती हात लावत नाही.

लेखकाने प्लगइन सोडूनच दिलंय. आता?

आधी ते काम थंडरबर्ड स्वतः करतो का ते बघा. कॅलेंडर पूर्वी लाइटनिंग नावाचं वेगळं प्लगइन होतं, आता आतच आहे. मेल कुलूपबंद पाठवायला एनिगमेल लागायचं, ७८व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी आत आलं. सर्व्हरवरची पत्त्यांची यादी कार्डडॅवने थेट जोडता येते. ठरावीक उत्तरांसाठी तर टेम्प्लेट्सचा फोल्डर पहिल्यापासून आहे, कोणी वापरत नाही एवढंच.

ते नसेल जमत तर अधिकृत साठ्यावर त्याच नावाने शोधा. कोणीतरी पुढे चालवायला घेतलेलं असतं, नावापुढे 'एनजी' किंवा तसंच काही लागलेलं असतं. लेखक हयात असेल तर त्याला लिहा, पण 'नॉट वर्किंग, प्लीज डू नीडफुल' असं नको. थंडरबर्डची नेमकी आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, काय केल्यावर काय झालं आणि एरर कन्सोलमधली लाल ओळ, एवढं द्या. ही माणसं बहुतेक नोकरी सांभाळून फुकट काम करतात. ज्या प्लगइनवर तुमच्या ऑफिसचं काम चालतं त्याच्या पानावर देणगीचं बटण असेल तर वर्षाकाठी काही रक्कम द्या. मुंबईत एका दुपारच्या कॉम्प्युटर दुरुस्तीला त्याहून जास्त जातात.

आमच्या पोराने ऑफिससाठी प्लगइन लिहिलंय. त्याने काय काळजी घ्यावी?

शक्य तितकं अधिकृत सोयींवर लिहावं, एक्स्पेरिमेंट अगदी अडल्यावरच. थंडरबर्डची बीटा, म्हणजे बाहेर पडण्याआधीची चाचणीची, आवृत्ती वेगळ्या प्रोफाइलवर ठेवून तिथे प्लगइन चालवून बघावं, म्हणजे मोडणार असेल तर आधी कळेल. आणि कोड ऑफिसकडे ठेवावा. पोरगं पुढे शिकायला पुण्याला किंवा परदेशी गेलं, की पुढच्या जुलैत कोड कुठे आहे हे विचारायची वेळ येते.

तुम्हाला फोन करण्याआधी काय हाताशी ठेवू?

'हेल्प' मधून प्रोग्रामची पूर्ण आवृत्ती, ईएसआर आहे की मासिक ते. प्लगइन्सची यादी. ट्रबलशूट मोडमध्ये त्रास होतो की नाही. शेवटचं नीट कधी चाललं. पडद्याचा फोटो चालेल, फक्त त्यात क्लायंटचा मेल दिसत नाही ना ते बघा. मदत व्हावी म्हणून काहीजण अख्खा प्रोफाइल फोल्डर झिप करून पाठवतात, तो कृपया कोणालाच पाठवू नका, आम्हालाही नाही. त्यात तुमचे मेलच नव्हे, सेव्ह केलेले पासवर्डही असतात.